आढावा कोणासाठी? तिसरीचं मूल वाचतं का, हा विषय सतराव्या क्रमांकावर

खडू_फळा
आमच्या केंद्राची शिक्षण परिषद परवा झाली. अकरा शाळा. मी मूळची तिसरी-चौथीची शिक्षिका, पण केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असल्यामुळे दीड वर्षापासून तो अतिरिक्त पदभारही माझ्याकडे आहे. विषयपत्रिकेवर एकोणीस विषय होते. आधार पडताळणी, अपार आयडी, यू-डायस या शाळांच्या ऑनलाइन माहितीतल्या दुरुस्त्या, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, गणवेश, परसबागेचे फोटो, शिष्यवृत्तीचे फॉर्म. 'विद्यार्थ्यांची अध्ययन पातळी' सतराव्या क्रमांकावर. तिथवर आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि लांबच्या शाळेतल्या दोघी बाईंची शेवटची एसटी निघायची होती. मी तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. ढकलणारी मीच, म्हणून रात्री झोप लागली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली आहे. पहिली ते आठवीतल्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधं वाचन आणि बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि एवढा पाया झाला नाही तर या मुलांच्या दृष्टीने बाकीच्या धोरणाला काही अर्थ राहणार नाही. म्हणून हे सर्वोच्च प्राधान्य. मुदत ठेवली होती २०२५. पुढे ५ जुलै २०२१ ला याच पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू झालं आणि मुदत २०२६-२७ झाली. म्हणजे आता हातात फारसा वेळ नाही.

मोजायचं तर 'असर' या घरोघरी जाऊन होणाऱ्या वाचन-गणित पाहणीचे आकडे घ्या. ग्रामीण भारतात, सरकारी शाळांत, तिसरीतली किती मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतात? २०१८ ला २०.९ टक्के. कोविडनंतर, २०२२ ला, १६.३. आणि २०२४ ला २३.४. दोन वर्षांत सात टक्क्यांची ही चढण लहान नाही. मला ती खरी वाटते, कारण ती माझ्या वर्गात दिसते. पूर्वी पहिलीत वर्षभर मुळाक्षरं आणि बाराखडी घोटून घ्यायचो, आता गोष्टी, चित्रं, शब्दपट्ट्या, मोठ्याने वाचन यांना वेळ मिळतो. माता गट सुरू झाले तिथे घरीही कोणीतरी मुलाजवळ बसतं. शिक्षकांनी काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

पण याच आकड्याची दुसरी बाजू म्हणजे तिसरीतली चारपैकी तीन मुलं अजून ती गोष्ट वाचत नाहीत. गणितात सगळ्या शाळा धरून तिसरीत हातच्याची वजाबाकी करणारी ३३.७ टक्के. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकीने भागणारी ३०.७.

आढाव्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं आहे की आढावा वर जातो आणि परत येत नाही. मी मुलांची चाचणी घेते, गुण भरते, एक्सेल शीट पाठवते, तालुक्याला एकत्रीकरण होतं, जिल्ह्याला सादरीकरण होतं. माझ्या वर्गातल्या ज्या सहा मुलांना जोडाक्षर आलं की ठेच लागते, त्यांच्याबद्दल त्या साखळीतून मला आजवर एकही उपयोगी ओळ परत आलेली नाही. उलट 'तुमच्या शाळेचे टक्के कमी का' असा फोन येतो. मग पुढच्या वेळी टक्के वाढतात. ते कसे वाढतात हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको.

अनुभव सांगा. तुमच्या शाळेत, गावात, तालुक्यात आढाव्यानंतर शिकवण्यात काही बदललं असं एक तरी उदाहरण आहे का?

निवृत्त_विस्तार
बाई, सतराव्या क्रमांकाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी विस्तार अधिकारी म्हणून २०११ ला निवृत्त झालो. आमच्या वेळी वार्षिक तपासणी असायची. दिवसभर शाळेत बसायचं, प्रत्येक वर्गात मुलांकडून वाचून घ्यायचं, पाढे विचारायचे आणि शेरेबुकात लिहून यायचं. त्यात धाक होता, मानापमान होते, जेवणावळीही होत्या, ते सगळं मान्य. पण शेरा शाळेतच राहायचा. पुढच्या वर्षी मी गेलो की आधी मागचा शेरा वाचायचो: 'इयत्ता चौथी, सहा मुले वजाबाकीत कच्ची.' त्या सहा जणांना समोर बोलवायचो. आता माहिती पोर्टलवर असते आणि शाळेकडे राहतो फक्त पासवर्ड.

जे. पी. नाईकांची आठवण येते. कोल्हापूरकडचा माणूस, देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. आयोगाचा अहवाल १९६६ चा. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हे तेव्हाचं. ते १९६८ च्या धोरणात आलं, १९८६ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणातही आहे. आपण तिथे एकदाही पोचलो नाही. नाईक पुढेही सांगत राहिले की विस्तार, गुणवत्ता आणि समता या तिन्ही गोष्टी एकत्र ओढाव्या लागतात, एकीला पुढे काढलं की दुसरी मागे पडते. आपण विस्तार केला. शाळा वाडीवस्तीवर गेली, पट भरला, मुली शाळेत आल्या. हे यश मोठं आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गुणवत्तेकडे वळेपर्यंत ज्यांना जमलं ते पालक मुलांना खाजगी शाळांत घेऊन गेले, आणि समतेचं गणित तिथे बिघडलं.

आकडेमोड
सर्वेक्षणांच्या कामाशी माझा संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या धाग्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतील अशी भीती वाटते.

एक, यू-डायस प्लस. ही शाळांनी स्वतः भरलेली मोजदाद. २०२४-२५ ला देशात १४.७१ लाख शाळा, २४.६९ कोटी विद्यार्थी, आणि शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या वर. इमारत, शौचालय, वीज, पट, शिक्षक हे सगळं त्यात मिळतं. मूल काय शिकलं हे मिळत नाही.

दुसरी, 'असर'. शाळेत नव्हे, घरोघरी जाऊन. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली. मुलाला एकट्याला समोर बसवून अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या. २०२४ ला ६०५ जिल्हे आणि साडेसहा लाखांच्या आसपास मुलं. मी स्वतः एकदा स्वयंसेवकांबरोबर फिरलो आहे. मूल अडखळलं की आई दाराआडून हळूच शब्द सुचवते आणि स्वयंसेवकाला तिला नम्रपणे थांबवावं लागतं. या पाहणीची ताकद म्हणजे २००५ पासून तीच सोपी पट्टी. मर्यादा म्हणजे ती शहरात जात नाही, आणि तुमच्या शाळेबद्दल काहीच सांगू शकत नाही.

तिसरी, सरकारचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण, ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं. ७४ हजारांवर शाळा, तिसरी, सहावी आणि नववीतले २१ लाखांवर विद्यार्थी. त्यात तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. आधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीत व्हायचं. इयत्ता बदलल्या, त्यामुळे २०२१ शी सरळ तुलना करताना फार जपावं लागतं. पेपरात 'घसरण' किंवा 'झेप' असे मथळे आले की मी आधी कोणती इयत्ता कोणाशी ताडली आहे ते बघतो.

आता बाईंच्या मुद्द्याकडे. नमुना सर्वेक्षण धोरण ठरवणाऱ्यासाठी असतं. वर्गातली चाचणी शिक्षकासाठी असते, उद्या काय शिकवायचं ते ठरवायला. आपण वर्गातल्या चाचणीचे गुण गोळा करून नमुना सर्वेक्षणाचं काम करू पाहतो. ज्या क्षणी वर्गातल्या चाचणीवर शाळेचा क्रमांक लागतो, त्या क्षणी ती खोटी व्हायला लागते, आणि मग ती शिक्षकाच्याही कामाची राहत नाही आणि मंत्रालयाच्याही. दोन्ही मोजमापं वेगळी ठेवली तर देशाचा आढावा घ्यायला लहानसा पण चोख नमुना पुरतो. प्रत्येक शाळेने प्रत्येक मुलाचे गुण वर पाठवायची गरज नाही.

कोकणकडा
सगळ्यांचं वाचलं. पण प्राधान्य म्हणजे पैसा आणि माणूस, याकडे चर्चा येत नाहीये. देशात एकशिक्षकी शाळा १ लाख ४ हजारांच्या वर आहेत. आमच्याकडे डोंगरात पट आठ, दहा, बारा. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानंतर वीसच्या आतल्या शाळांवर टांगती तलवार आहे. एक शिक्षक, चार इयत्ता, त्यात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, त्यात पोषण आहार. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं मुभा देऊन सांगितली आहेत, बाकी कामांना मनाई आहे. आढावा घ्यायचाच तर शिक्षकाचे किती दिवस वर्गाबाहेर गेले याचा घ्या. तो स्तंभ कुठल्या पोर्टलवर आहे?

आणि २०२५ चं वर्ष आठवा. १६ एप्रिलचा पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, १७ जूनची सुधारणा, २९ जूनला दोन्ही रद्द, मग समिती. विरोध करणाऱ्यांत मीही होतो आणि तो योग्यच होता. पण ऐन शाळा सुरू होण्याच्या दिवसांत तीन महिने सगळं राज्य पहिलीच्या मुलाला तिसरी भाषा द्यायची की नाही यावर बोललं. त्याला पहिली भाषा वाचता येते का, यावर तेवढं बोलणं कधी होणार?

खडू_फळा
कोकणकडा, तुमचा वर्गाबाहेरच्या दिवसांचा मुद्दा मी परिषदेत मांडणार. तुमचं नाव न घेता, पण तुमच्याच शब्दांत. पैसा आणि माणूस हवाच, त्यावर वाद नाही. फक्त भरती होईपर्यंत आज समोर बसलेलं मूल थांबत नाही. जून ते एप्रिल, संपलं वर्ष.

आकडेमोड, 'दोन्ही मोजमापं वेगळी' हे मला इतकं नेमकं सांगता येत नव्हतं. आभार.

सातपुडा
मी पाड्यावरच्या शाळेत आहे. पट २७, घरात पावरी बोलतात. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी मराठी ही ऐकलेली भाषा, बोललेली नाही. निपुणचं लक्ष्य सांगतं: तिसरीच्या शेवटी अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द, समजून. आता मराठीतला 'शब्द' बघा. 'शाळेतल्यांनासुद्धा' हाही एक शब्द. हिंदीत त्याचेच तीन-चार तुकडे होतात. एनसीईआरटीने २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांत मुलं तपासली आणि प्रत्येक भाषेसाठी ओघवत्या वाचनाची पट्टी वेगळी ठरवली, हे फार बरं झालं. पण ती वेगळी पट्टी पाड्यावर पोचत नाही. इथे पोचतो तो साठचा आकडा आणि मोबाइलवरचं घड्याळ. घड्याळ लावलं की माझी मुलं भराभरा वाचतात, आणि 'काय झालं गोष्टीत?' असं विचारलं की खाली बघतात.

माझ्या वर्गात मी एक केलं आहे. गोष्ट आधी पावरीत सांगायची, म्हातारीआजींना बोलावून. मग तीच मराठीत. मग ती वाचायची. वेळ दुप्पट लागतो. या दुप्पट वेळेला आढाव्यात रकाना नाही, म्हणून माझी शाळा ऑक्टोबरमध्ये मागे दिसते. मार्चमध्ये ती बरीच वर येते, पण तेव्हा निम्मी मुलं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. मूल काय शिकलं याची नोंद असलेलं शिक्षण हमी कार्ड सोबत देतो, मूल परत येतं तेव्हा कार्ड फाटलेलं किंवा कोरं. ज्या मुलाने सहा महिन्यांत दोन राज्यं बघितली, ते कोणाच्या आढाव्यात?

अनुताई वाघ आणि ताराबाई मोडकांनी कोसबाडला काय केलं होतं? मूल गुरांमागे जातं, तर शाळाच कुरणात नेली. त्यांच्या कामात आधी मूल कुठे आहे हे बघणं होतं, मग शाळा कुठे ठेवायची ते.

वाचक_सहावी
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो थोडा टोचेल. सगळं प्राधान्य तिसरीला लावलं तर जी मुलं कोविडमध्ये पहिली-दुसरीत होती त्यांचं काय? ती आता सहावी-सातवीत माझ्यासमोर आहेत. 'असर' २०२४ प्रमाणे आठवीतसुद्धा दहापैकी साधारण सातच मुलं दुसरीची गोष्ट वाचतात. उरलेली तीन मुलं माझ्याकडे इतिहासाचं पुस्तक उघडून बसतात आणि चित्रं बघतात. त्यांच्यासाठी ना निपुण, ना वेगळं साहित्य. 'तिसरीपर्यंत' ही रेष आखली की रेषेच्या पुढचं मूल कोणाचंच राहत नाही. सहावीला वाचायला शिकवायचं प्रशिक्षण मला कधी मिळालं नाही, आणि बारा वर्षांच्या मुलासमोर 'कमळ, बदक' ठेवलं की ते लाजतं. ते शाळाच सोडतं.

खडू_फळा
खरं आहे. हे मी लिहायला हवं होतं. माझ्याच हातून गेलेली मुलं आहेत ती, २०२० ला मी दुसरीला शिकवत होते. मोबाइल होता फक्त पाच घरांत.

आमच्या केंद्रात एका शाळेने इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले आहेत, रोज एक तास. तिसरी ते पाचवीची मुलं मिसळून. सहावीच्या मुलांना मात्र लहानांबरोबर बसवलं नाही. त्यांना गावातल्या बातम्या, शेतीच्या औषधाच्या पुड्यांवरच्या सूचना, क्रिकेटचे निकाल वाचायला देतात. वयाला साजेसा मजकूर, अक्षर मोठं, वाक्य लहान. हे साहित्य गुरुजी स्वतः हाताने लिहितात.

आकडेमोड
प्राधान्य ठरवून त्याला चिकटून राहिल्यावर काय होतं याचं एक उदाहरण. ब्राझीलच्या ईशान्येला सोब्राल नावाचं शहर आहे, गरीब भागातलं. साधारण २००१ च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने एकच गोष्ट पुढे ठेवली: लहान इयत्तांत प्रत्येक मूल वाचेल. मुख्याध्यापक राजकीय शिफारशीने न नेमता पात्रतेवर नेमले, मुलांची वाचन तपासणी नियमित केली, आणि निकालावरून शिक्षकांना लगेच वर्गात मदत पोचवली. २०१७ च्या त्यांच्या राष्ट्रीय शैक्षणिक निर्देशांकात प्राथमिक स्तरावर सोब्राल देशात वरच्या क्रमांकावर होतं. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की नगराध्यक्ष बदलले तरी उद्दिष्ट बदललं नाही. आपल्याकडे २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम आला, त्यातून बरंच चांगलं घडत होतं. मग नवं नाव, नवं पोर्टल, नव्या बैठका. शाळेला दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात.

निवृत्त_विस्तार
नावं बदलली तरी चालतील, मुलांच्या याद्या तेवढ्या पुढे गेल्या पाहिजेत.

दोन_पोरांची_आई
मी शिक्षिका नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलगी पहिलीला, मुलगा चौथीला. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत नाव घातलं. बैठकीत सही करते, रंगरंगोटी आणि वॉल कंपाउंडबद्दल बोलणं होतं. मुलांच्या अभ्यासाचं विचारलं तर चालतं का? गुरुजींना राग येईल का? मुलाला प्रगतीपत्रकात ब-१ आहे, म्हणजे बरंच म्हणायचं ना?

खडू_फळा
ताई, चालतं काय, तो तुमचा हक्क आहे. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो, त्यात भिंतीआधी मुलं येऊ शकतात. गुरुजींना एकटं गाठून विचारू नका, बैठकीत सगळ्यांनी मिळून विचारा, म्हणजे तो आरोप वाटत नाही. एवढंच म्हणा: दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाकडून समितीसमोर चार ओळी वाचून घेऊ या. पाठ्यपुस्तकातल्या नको, त्या पाठ असतात. २०२५ ला निपुण महाराष्ट्रमध्ये चावडी वाचन झालं तसंच, फक्त माईक, हार आणि फोटो नकोत. जो अडला त्याचं नाव वहीत लिहायचं आणि वही शाळेतच ठेवायची. वर पाठवायची नाही.

आणि ब-१ वर जाऊ नका. चार ओळी घरीच वाचून घ्या.

कोकणकडा
वही शाळेतच ठेवायची, हे आवडलं. आमच्या दोन शाळांत सोमवारी करून बघतो. एकशिक्षकी शाळेत बाजूला बसून वाचून घ्यायला माणूस लागेल, तर दहावी झालेल्या गावातल्या दोघी मुली तयार आहेत.

सातपुडा
वहीत दोन ओळी वाढवा: मूल घरी कोणती भाषा बोलतं, आणि शेवटचं कधी स्थलांतर झालं. मला तेवढं पुरे.

खडू_फळा
वाढवते. पुढच्या परिषदेची विषयपत्रिका आज तयार केली. विषय क्रमांक एक, वाचनाची वही, सकाळी अकरा ते साडेबारा. उरलेले अठरा विषय मी लेखी सूचना करून शाळांना आधीच पाठवतेय, त्यांच्यावर चर्चेची गरज नाही. वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन.

दोन_पोरांची_आई
काल आमची बैठक झाली. चौदा बायका आल्या, तीन पुरुष. गुरुजी आधी गप्प होते, मग त्यांनीच किशोर मासिकाचे जुने अंक काढून दिले. चौथीची अकरा मुलं. सात जणांनी छान वाचलं. चार जण शब्दाशब्दाला अडले. त्यातला एक माझा.

तो वाचताना माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही. वहीत त्याचं नाव मीच लिहिलं. आजपासून चौघं शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबणार आहेत, गुरुजी सोमवार-बुधवार, बाकीचे दिवस आम्ही आया पाळीपाळीने. उद्या माझी पाळी आहे. काय वाचायला नेऊ?